प्राध्यापक, दोन विद्यार्थी आणि एक कारखाना

विद्यापीठांतील शिक्षण आणि कारखान्यांतील काम यांचा एकमेकांशीं संबंध किती असावा, हा वाद एंजिनियरिंगचीं कॉलेजें निघालीं तेव्हांपासून चालू आहे. कारखानदार म्हणतो, "तुमचा पदवीधर पुस्तकें वाचून येतो, त्याला कानस धरतां येत नाहीं." प्राध्यापक म्हणतो, "कानस धरावयास तुम्ही शिकवा. विचार कसा करावा तें आम्ही शिकवितों." दोघांचेंही म्हणणें कांहीं अंशीं खरें असतें, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाहीं. अशा वादांत एखादें घडलेलें उदाहरण तपशिलानें पाहणें अधिक फलदायी होतें. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफोर्ड विद्यापीठ आणि ह्यूलेट-पॅकार्ड नांवाची कंपनी यांचें नातें हें तसें उदाहरण आहे. कोणी कोणाला वाढविलें हें सांगणें कठीण व्हावें इतकीं तीं दोन्हीं एकमेकांत गुंतलीं. आज कित्येक घरांत छपाईच्या यंत्रावर 'एचपी' हीं अक्षरें दिसतात. पण ज्या वस्तूपासून त्या कंपनीचा संसार सुरू झाला तिचा छपाईशीं काडीचाही संबंध नव्हता. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधांतून निघालेलें तें एक मापनाचें उपकरण होतें.

स्टॅनफोर्ड विद्यापीठ १८९१ सालीं उघडलें. लेलंड स्टॅनफोर्ड या रेल्वेमालकानें आपल्या अकालीं वारलेल्या एकुलत्या एका मुलाच्या स्मरणार्थ तें स्थापिलें आणि आठ हजार एकरांहून अधिक जमीन त्याला देऊन टाकली. ही जमीन कधींही विकूं नये, अशी अट मात्र त्यानें घातली. तेथें एंजिनियरिंग शिकविलें जाई. पण शिकून तयार झालेला हुषार मुलगा पोटापाण्यासाठीं तीन हजार मैल दूर पूर्व किनाऱ्याकडे जाई, कारण पश्चिमेस त्याच्या विद्येला गिऱ्हाईक नव्हतें. १९०९ सालीं सिरिल एलवेल या पदवीधरानें विद्यापीठाला लागून असलेल्या पालो आल्टो गांवीं बिनतारी संदेशांची कंपनी काढली, तेव्हां विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन यांनीं पदरचे पांचशें डॉलर तींत घातले होते. परंतु असे प्रसंग विरळाच.

फ्रेडरिक टर्मन यांचाही मार्ग पूर्वेकडेच जावयाचा होता. त्यांचे वडील लुइस टर्मन स्टॅनफोर्डमध्येंच मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. बुद्धिमापनाच्या कसोट्यांमुळें त्यांचें नांव सर्वत्र झालें होतें. मुलानें १९२४ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतून व्हॅनेव्हर बुश यांच्या हाताखालीं डॉक्टरेट मिळविली, त्याच संस्थेंत अध्यापकाची जागाही पटकाविली, आणि सुटी घालविण्यास तो घरीं आला. तेथें क्षयानें त्याला गांठलें. जवळजवळ वर्षभर तरुण टर्मन अंथरुणाला खिळून होते. पुढें प्रकृति सुधारली, पण पूर्वेकडील कडक हिंवाळा सोसण्याची शाश्वति नव्हती. म्हणून त्यांनीं घराजवळच अर्ध्या वेळेची शिक्षकाची नोकरी पत्करली. एका माणसाच्या दुखण्यानें एका गांवाचें दैव फिरलें, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

टर्मन यांनीं विषय निवडला तो बिनतारी विद्युत्‌शास्त्राचा. १९३२ सालीं 'रेडिओ एंजिनियरिंग' हें त्यांचें पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झालें आणि अमेरिकेंतील कॉलेजांतून तें घरचें झालें. प्रयोगशाळा मात्र माळ्यावर, आणि तिचें छप्पर गळकें! पावसाळ्यांत गळणारें पाणी धरण्यासाठीं डांबरी कागद लावलेल्या लांकडी पराती मांडून ठेवाव्या लागत. आणि एका विद्यार्थ्यानें त्या परातींत शोभेचे सोनेरी मासे आणून सोडले. तो विद्यार्थी म्हणजे विल्यम ह्यूलेट. साधनसामग्रीच्या अभावीं शिक्षण अडतें असें म्हणणाऱ्यांनीं या माशांची आठवण ठेवण्यासारखी आहे. अर्थात् छप्पर दुरुस्त करण्याचें काम ज्यांच्याकडे असतें त्यांनीं ती ठेवूं नये.

ह्यूलेटचा जन्म १९१३ चा. वडील स्टॅनफोर्डमध्येंच वैद्यकाचे प्राध्यापक होते. मुलगा बारा वर्षांचा असतांना ते वारले. मुलाला वाचनाची जात्याच अडचण होती. अक्षरें जुळत नसत, म्हणून ऐकून लक्षांत ठेवण्याची संवय त्यानें लावून घेतली होती. डेव्हिड पॅकार्ड त्याच्याहून एका वर्षानें मोठा. कोलोरॅडोंतील प्वेब्लो गांवचा, उंचापुरा, फुटबॉलच्या मैदानावर गाजलेला. पदवीपरीक्षेच्या शेवटच्या वर्षीं टर्मन यांनीं त्याला आपण होऊन पदव्युत्तर वर्गांत बसण्यास बोलाविलें. मैदानावरच्या खेळाडूचे परीक्षेंतले गुण या प्राध्यापकाला तोंडपाठ असावेत, याचें पॅकार्डला स्वतःलाच नवल वाटलें होतें.

टर्मन आपल्या वर्गाला आसपासचे लहानमोठे बिनतारी कारखाने दाखवावयास नेत. फिलो फार्न्सवर्थ यांची दूरचित्रवाणीची प्रयोगशाळा, चार्ल्स लिटन यांचें निर्वात नळ्यांचें कामठाण, आणखीही कांहीं. नुसतें यंत्र कसें फिरतें हें दाखविण्याचा त्यांचा हेतु नव्हता. हे धंदे ज्यांनीं उभारले त्यांतील पुष्कळांना फारसें कॉलेजशिक्षण नाहीं; मग ज्याच्यापाशीं शास्त्राचा भक्कम पाया आहे त्याला केवढी संधि आहे पाहा, हें ते मुलांच्या मनावर ठसवीत. विद्यार्थ्याला 'तूं नोकरीला लायक हो' असें सांगणारे शिक्षक ठिकठिकाणीं असतात. 'तूं नोकऱ्या निर्माण कर' असें सांगणारा, आणि त्यासाठीं शेजारच्या कारखान्याचा पत्ता देणारा, क्वचित्.

१९३४ सालीं दोघे मित्र पदवीधर झाले. स्वतंत्र धंदा काढण्याचा बेत त्यांनीं तेव्हांच केला होता, पण दिवस जागतिक मंदीचे. पॅकार्डला न्यूयॉर्क प्रांतांतील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनींत जागा मिळाली, आणि टर्मन यांनीं ती घेण्याचाच सल्ला दिला. मोठ्या कारखान्यांतला अनुभव पुढें कामास येईल, असें त्यांचें म्हणणें. तो खराही ठरला. पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या मोठ्या नळ्या तेथें तपासणींत एकामागून एक निकामी होत होत्या. पॅकार्डनें लेखी सूचनांवर न विसंबतां कामगारांच्या खांद्याला खांदा लावून प्रत्येक पायरी स्वतः तपासली, आणि त्या खेपेच्या नळ्या उत्तम निघाल्या. कागदावर लिहिलेली सूचना आणि हातानें होणारें काम यांत किती अंतर असतें हें त्याला वर्गांत कोणी शिकवूं शकलें नसतें.

१९३८ सालीं टर्मन यांनीं पांचशें डॉलरची शिष्यवृत्ति मिळवून पॅकार्डला परत बोलाविलें. ह्यूलेट त्यापूर्वींच परतला होता. टर्मन त्या सुमारास आपल्या वर्गांत एक नवी कल्पना समजावून सांगत होते. ती बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत हॅरल्ड ब्लॅक यांनीं १९२७ सालीं काढलेली होती. प्रवर्धकांतून बाहेर पडणाऱ्या विद्युत्‌शक्तीचा थोडा अंश उलट्या दिशेनें परत आंत सोडला, तर प्रवर्धक काबूंत राहतो, अशी ती कल्पना. ह्यूलेटनें ती आपल्या प्रबंधासाठीं उचलली.

टेलिफोन, रेडिओ, बोलपट यांचीं यंत्रें तपासावयाचीं तर ठराविक कंपनसंख्येचा शुद्ध सूर विजेनें निर्माण करणारें साधन हातीं असावें लागतें. गवयाला तंबोरा लागतो तसेंच तें. त्या काळचीं प्रचलित साधनें दोन अतिउच्च कंपनसंख्यांची वजाबाकी करून सूर काढीत; तो स्थिर राहत नसे, पुनःपुन्हां जुळवावा लागे, आणि किंमत तर कित्येक शेंकडे डॉलर. ह्यूलेटनें नुसते रोध आणि कंडेन्सर यांची जोडणी करून सूर काढण्याचें ठरविलें. अडचण वेगळीच होती. अशा जोडणींत सूर एकदां सुरू झाला कीं तो फुगत फुगत फाटतो, नाहीं तर विझून जातो. यावर त्यानें त्यांत एक लहानसा विजेचा दिवा बसविला. प्रवाह वाढला कीं दिव्याची तार तापते. तार तापली कीं तिचा रोध वाढतो. आणि रोध वाढला कीं प्रवर्धन आपोआप आवरलें जातें. कांहीं सेंटांच्या दिव्यानें मोठमोठ्या यंत्रांना न साधणारें काम केलें.

कल्पना एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेंत निघाली, एका प्राध्यापकानें ती वर्गांत मांडली, आणि एका विद्यार्थ्यानें तींतून वस्तु केली. आपली कल्पना या वाटेनें कोठें पोंचेल हें बेल कंपनीलाही सांगतां आलें नसतें. विद्यापीठानें कारखान्यासाठीं काय करावें या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां अशा आडवाटेनेंच मिळतें.

पालो आल्टोंतील अॅडिसन अॅव्हेन्यूवरील ३६७ क्रमांकाच्या घराच्या तळमजल्यावर पॅकार्ड आणि त्याची पत्नी लुसिल राहत. मागील झोंपडीवजा खोलींत ह्यूलेट झोंपे. आणि मोटार ठेवण्याच्या जागेंत कारखाना! भांडवल ५३८ डॉलर. लुसिलला विद्यापीठाच्या कचेरींत नोकरी होती, तिच्या पगारावर चूल पेटत होती. इतिहास सांगतांना ही गोष्ट बहुधा गाळली जाते. १ जानेवारी १९३९ रोजीं भागीदारी झाली. कंपनीच्या नांवांत आधीं कोणाचें नांव घालावें हें नाणें उडवून ठरविलें. पहिल्या उपकरणाची किंमत ठरली ५४ डॉलर ४० सेंट, आणि तीही हिशेब करून नव्हे. एकोणिसाव्या शतकांतील ओरेगनच्या सीमातंट्यांत ५४ अंश ४० कला हा आंकडा अमेरिकेंत घोषणा म्हणून गाजला होता, तो तोंडांत बसलेला होता, इतकेंच. मागाहून पाहतात तों तें उपकरण बनवावयासच त्याहून जास्त खर्च येत होता. विद्यापीठानें त्यांना रोध आणि कंडेन्सर शिकविले होते; जमाखर्च शिकविला नव्हता. सुधारलेल्या नमुन्याचीं आठ उपकरणें वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीनें 'फँटेशिया' या बोलपटाच्या ध्वनियोजनेसाठीं घेतलीं, तेव्हां धंद्याला थोडें अंग धरतां आलें. गुरूचें लक्ष होतेंच. टर्मन सांगत कीं, त्या घरावरून जातांना पॅकार्डची मोटार आंत ठेवलेली दिसली तर काम नाहीं असें समजावें, आणि बाहेर रस्त्याकडे उभी दिसली तर मागण्या आल्या आहेत असें समजावें.

मग युद्ध आलें. ह्यूलेट सैन्यांत गेला, पॅकार्डनें कारखाना संभाळला, आणि टर्मन १९४२ सालीं हार्वर्ड येथील प्रयोगशाळेचे प्रमुख होऊन पूर्वेकडे गेले. शत्रूच्या रडारला निष्प्रभ करण्याचें काम तेथें चाले. शेंकडों माणसें हाताखालीं होतीं. सरकारचा पैसा संशोधनासाठीं विद्यापीठांकडे कसा वाहूं लागला आहे, आणि त्यांत स्टॅनफोर्डची ओंजळ किती रिकामी आहे, हें त्यांनीं तेथें डोळ्यांनीं पाहिलें. युद्धानंतर एंजिनियरिंग शाखेचे डीन म्हणून ते परतले ते एक निश्चित योजना घेऊनच. सगळ्या विषयांची उंची सारखी थोडीथोडी वाढविण्यापेक्षां निवडक विषयांचे कळस उंच करावे, ही ती योजना.

जमिनीची जुनी अट या वेळीं कामास आली. विकतां येत नव्हती, पण भाड्यानें देण्यास हरकत नव्हती. १९५१ सालीं विद्यापीठानें आपल्या आवारांतील एक भाग उद्योगांसाठीं राखून ठेविला. क्लायस्ट्रॉन नळीचा शोध लावणाऱ्या व्हेरियन बंधूंची कंपनी तेथें प्रथम आली. ह्यूलेट-पॅकार्डही त्याच दशकांत तेथें गेली. प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यांत आतां पायीं जाण्याइतकेंच अंतर उरलें.

परंतु जमिनीच्या व्यवहाराहूनही मोलाची होती ती १९५४ च्या सुमारास सुरू झालेली शिक्षणाची योजना. कंपनींत नोकरीस असलेल्या एंजिनियरनें कामाच्या वेळेंतूनच विद्यापीठाच्या वर्गाला जावें आणि पदव्युत्तर पदवी घ्यावी, असें तिचें स्वरूप होतें. पगार चालू राही. फी कंपनी भरी; आणि नुसती फी नव्हे, तर तितकीच आणखी एक रक्कम विद्यापीठाला देई, कारण फीच्या पैशांतून शिकविण्याचा खरा खर्च निघत नाहीं. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. कंपनीच्या माणसांसाठीं निराळा सोपा वर्ग काढला नव्हता. प्रवेशाची कसोटी इतरांना तीच यांना, बांके तीच, परीक्षा तीच. आपल्या चालू मालाला उपयोगी पडेल तेवढेंच शिकवा, असें म्हणण्याचा अधिकार पैसे भरणाऱ्याला मिळाला नव्हता. टर्मन यांचा भर गणित आणि पदार्थविज्ञान यांच्या पायावर होता, कारण आजच्या मालाचें ज्ञान दहा वर्षांत शिळें होतें. ह्यूलेट-पॅकार्डला यांत तोटा झाला म्हणावें, तर तसेंही नाहीं. देशांतल्या कोठल्याही कॉलेजांतील हुषार पदवीधराला 'आमच्याकडे नोकरी कर आणि स्टॅनफोर्डची पुढील पदवीही घे' असें ती सांगूं लागली. शेंकडों एंजिनियर या वाटेनें शिकले. १९६९ पासून तर वर्गांतलें व्याख्यान दूरचित्रवाणीनें कारखान्यांतील खोलींत दिसूं लागलें, आणि तेथें बसलेल्याला प्रश्न विचारण्याचीही सोय झाली.

आतां चित्राची दुसरी बाजू. पॅकार्ड १९५४ पासून १९६९ पर्यंत विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर होते. ह्यूलेटही पुढें विश्वस्त झाले. इकडे टर्मन १९५५ पासून दहा वर्षें विद्यापीठाचे प्रोव्होस्ट, म्हणजे सर्व शैक्षणिक कारभाराचे प्रमुख; आणि ते ह्यूलेट-पॅकार्डच्या संचालक मंडळावरही बसत. टेबलाच्या दोन्ही बाजूंना तींच माणसें! तीं सचोटीचीं होतीं म्हणून निभावलें असें फार तर म्हणतां येईल. व्यवस्था निर्दोष होती असें म्हणतां येणार नाहीं. शिवाय उंच कळसांची सांवली कोठें तरी पडतेच. ज्या विषयांकडे बाहेरचा पैसा येत नसे, त्यांतील अध्यापकांना आपण या घरांत पाहुणे आहों असें वाटूं लागलें. बाहेरचा पैसा म्हणजे कंपन्यांचा थोडा आणि लष्कराचा फार. व्हिएतनामचें युद्ध पेटलें तेव्हां त्याचा जाब विचारला गेला. एप्रिल १९६९ मध्यें विद्यार्थ्यांनीं लष्करी संशोधन चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेचा ताबा घेतला आणि नऊ दिवस ती सोडली नाहीं. परिणामीं गुप्त संशोधन आवाराबाहेर घालविण्याचा निर्णय विद्यापीठाला घ्यावा लागला. पॅकार्ड त्या वेळीं वॉशिंग्टनला अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री होते. विद्यापीठाचा स्नेही कोण आणि धनी कोण, हा प्रश्न त्या नऊ दिवसांत जितक्या उघडपणें विचारला गेला तितका पूर्वीं कधीं विचारला गेला नव्हता.

हें रोप दुसरीकडे लावतां येतें काय? टर्मन यांनीं स्वतःच तसा प्रयत्न केला. १९६० च्या दशकांत न्यू जर्सी प्रांतांतील कंपन्यांनीं, बेल प्रयोगशाळेच्या पुढाकारानें, त्यांना आपल्याकडे असेंच एंजिनियरिंगचें नवें विद्यापीठ उभारून देण्यास सांगितलें. पैसा होता, नामांकित शास्त्रज्ञ होते, कारखाने होते. पण प्रत्येक कंपनीला आपल्या प्रयोगशाळेचें दार बंद ठेवण्याची संवय. एकत्र येऊन कांहीं उभारण्यास त्या तयार होईनात, आणि योजना कागदावरच राहिली. उलट दक्षिण कोरिया. तेथें त्या मानानें कांहींच नव्हतें. १९७० सालीं टर्मन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळानें अहवाल दिला, सरकारनें तो उचलून धरला, आणि १९७१ सालीं सोलमध्यें जी संस्था निघाली तीच पुढें काइस्ट या नांवानें प्रसिद्धीस आली. तिचे पदवीधर कोरियाच्या उद्योगांत मोठमोठ्या जागांवर गेले. श्रीमंत न्यू जर्सींत जें साधलें नाहीं तें गरीब कोरियांत साधलें.

ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनीं गुरुदक्षिणा भरपूर दिली. त्यांनीं आणि त्यांच्या कुटुंबांच्या निधींनीं स्टॅनफोर्डला दिलेल्या देणग्या कित्येक कोटी डॉलरांच्या घरांत जातात. १९७७ सालीं त्यांच्या देणगींतून टर्मन यांच्या नांवाची एंजिनियरिंगची इमारत उभी राहिली; टर्मन तेव्हां हयात होते, १९८२ सालीं ते वारले. ती इमारतही पुढें पाडली गेली. कंपनी तर इतकी पसरली कीं, १९९९ सालीं तिनें आपला मूळचा मापनयंत्रांचा धंदाच वेगळा काढून दुसऱ्या कंपनीच्या स्वाधीन केला, आणि २०१५ सालीं उरलेल्या कंपनीचेही दोन भाग झाले.

अॅडिसन अॅव्हेन्यूवरील ती मोटारखोली मात्र जपून ठेवलेली आहे. कॅलिफोर्निया सरकारनें तिला ऐतिहासिक स्थळ ठरविलें, आणि १९८९ सालीं घरासमोर पाटी लावली. त्या पाटीवर कंपनीच्या दोघां मालकांच्या आधीं प्राध्यापक टर्मन यांचें नांव येतें. पूर्वेकडील जुन्या कंपन्यांत नोकरी न धरतां येथेंच स्वतःचा धंदा काढा असें त्यांनीं शिष्यांना सांगितलें, आणि तो सल्ला प्रथम या दोघांनीं मानला, असें तींत लिहिलें आहे. त्या दोघांपैकीं एकाला आधीं तीन वर्षें पूर्वेकडील जुन्या कंपनींत राहून काम शिकून ये, असेंही त्याच प्राध्यापकानें सांगितलें होतें. तेवढें लिहावयास पाटीवर जागा उरली नसावी.